चार मुलं, चार वयं, तीन रात्री: एका कॅम्पिंगचं प्रकरण

मुलांना घेऊन कॅम्पिंगला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: दिवसभर करणार काय त्यांचं? मुलं एकाच वयाची असतील तर या प्रश्नाला उत्तरं पुष्कळ सापडतात. आमच्याकडे चार मुलं होती आणि त्यांतली कुठलीही दोन एका बाकावर बसतील अशी नव्हती. पुढे लिहिलंय ते तीन रात्री आणि चार दिवसांचं आहे. पहिला दिवस पार फसला, म्हणून लिहिण्यासारखं काही हाती लागलं.

माझी थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा. धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, सात वर्षांची आणि तिचा भाऊ साडेतीनचा. त्याला सगळे छोटूच म्हणतात. मोठी माणसं चार: आम्ही दोघी बहिणी आणि आमचे नवरे. जागा झाडीतली, थोड्या उताराची. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला मनगटाएवढ्या धारेचा ओहोळ. तंबू तीन. मोबाइलला रेंज नाही. (ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम निवडली होती आणि पहिल्याच संध्याकाळी तिचा पश्चात्तापही केला.)

तक्ता

निघायच्या आधी दोन आठवडे मी एक तक्ता करत होते. आडव्या ओळींत वेळा, उभ्या रकान्यांत मुलं, प्रत्येक चौकोनात एक उद्योग. छोटूला रंगखडू आणि फुगे, भाचीला मणी ओवायचं सामान, मधल्याला दुर्बीण आणि पत्ते, थोरलीला वही, पुस्तकं, फोटो काढायचा जुना कॅमेरा. या सगळ्याची पिशवी तंबूपेक्षा जड भरली, तेव्हाच शंका यायला हवी होती.

तक्त्यात चूक अशी काही दिसत नव्हती. प्रत्येक चौकोन त्या त्या वयाला शोभेल असाच होता. फक्त चार रकाने चालवायला चार मोकळी माणसं लागतात आणि तंबू उभारताना, चूल पेटवताना, पाणी आणताना मोकळं माणूस एकही नसतं. मुलं जास्तीत जास्त सैरभैर होतात ती नेमकी याच वेळांना. मी भरगच्च आखणी केली होती ती सकाळी दहा ते बाराची, जेव्हा मुलांना कुणाची गरजच नसते.

पहिली संध्याकाळ

चार वाजता पोचलो. पावणेसातला सूर्य मावळणार, त्याआधी तिन्ही तंबू उभे व्हायला हवेत. तक्त्याप्रमाणे ही बिंगोची वेळ. नऊ चौकोनांचा कागद, प्रत्येकात एका वस्तूचं नाव: पीस, करवतीसारख्या कडेचं पान, अगदी गोल खडा, किड्याने पोखरलेली काटकी. शोधून आणायच्या. मधल्याने बारा मिनिटांत कागद भरला, त्यातल्या निम्म्या वस्तू भाचीने शोधलेल्या होत्या. भाचीने पिसासाठी भोकाड पसरलं. छोटूने आपल्या कागदाचे दोन तुकडे केले, मग अगदी शांतपणे दोनाचे चार. मी खुंटी ठोकता ठोकता मान वळवून म्हटलं, "ताई आहे ना तिथे? ताईकडे जा बघू."

हे वाक्य त्या अडीच तासांत किती वेळा म्हटलं गेलं, ते थोरलीने नंतर मोजून सांगितलं: माझ्याकडून सहा वेळा, मावशीकडून चार, बाबांकडून दोन. काका काही बोलले नव्हते. त्यांनी छोटूला उचलून सरळ तिच्या मांडीवर आणून ठेवलं होतं.

साडेसहाच्या सुमाराला ती दिसेना. हाका मारल्या, उत्तर नाही. तळ्याकडे एक जण धावला, ओहोळाकडे एक. पंधरा मिनिटांनी ती गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झालेली सापडली. जीव भांड्यात पडल्यावर माणूस जसं चिडतं तशी मी चिडले आणि ठरलेलं भाषण सुरू केलं: सगळे मिळून आलोय, इथेही तुला मोबाइलच लागतो का, वगैरे. तिच्या हातात मोबाइल नव्हताच. ती म्हणाली, "आई, मला कंटाळा आलेला नाहीये. मला नोकरी लागली आहे."

मला वाटतं या सगळ्या प्रकरणाची मेख इथे होती. वेगवेगळ्या वयांची मुलं सोबत असली की मोठ्यांना एक फुकटची सोय दिसते आणि ती सोय म्हणजे सगळ्यांत मोठं मूल. त्यातही मुलगी असली तर विचारायलाच नको. मी स्वतः थोरली बहीण आहे. मला हे आधी कळायला हवं होतं.

रात्री ठरलं ते

मुलं झोपल्यावर आम्ही चौघं विझत्या निखाऱ्यांपाशी बसलो. बहीण म्हणाली, "ताई, तो तक्ता जाळ आधी." जाळला नाही, पाठकोरा म्हणून वापरला. त्यावर दोनच गोष्टी लिहिल्या.

पहिली हद्दींची. प्रत्येक मुलाने किती लांब जायचं हे वयाप्रमाणे वेगळं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बोललेलं नसल्यामुळे दिवसभर "लांब जाऊ नका" ही एकच घोकंपट्टी चालते आणि ती कुणीच ऐकत नाही. आम्ही चार शब्द ठरवले: हात, डोळा, आवाज, घड्याळ. छोटू पाण्याजवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात. लहान मूल बुडतं ते बहुतेकदा आवाज न करता, त्यामुळे "कान देऊन आहे" याला काही अर्थ नसतो. भाची डोळ्याला दिसेल तिथवर. मधला हाकेला ओ देईल तिथवर. थोरलीने कुठे जाते ते सांगायचं आणि सांगितलेल्या वेळी परत यायचं. मधे कुणी हाक मारणार नाही. तळ्यात उतरणं मात्र मोठं माणूस सोबत असल्याशिवाय कुणीच नाही, तिनेही नाही.

चौघांच्या गळ्यात शिट्ट्या. तीनदा वाजवली म्हणजे मदत हवी, ही खूण पुष्कळ ठिकाणी चालते. आणि हरवल्यासारखं वाटलं तर चालत सुटायचं नाही. जवळचं एक झाड धरायचं आणि तिथेच थांबायचं. १९८१ साली कॅलिफोर्नियात नऊ वर्षांचा एक मुलगा डोंगरात हरवून दगावला, त्यानंतर मुलांना नेमकं हेच शिकवणारा कार्यक्रम तिथे सुरू झाला. झाडाला मिठी मारून बसायचं म्हटल्यावर छोटूने रात्रभर तंबूच्या दांडीला मिठी मारली होती, इतकं ते त्याला पटलं.

दुसरी गोष्ट कामाची. चार मुलांना चार खेळ द्यायचे नाहीत. एकच काम काढायचं, खरंखुरं, आणि त्यात प्रत्येकाला शिरायला वेगळं दार ठेवायचं. त्यातून थोरली पूर्ण मोकळी. यायचं तर येईल.

ओहोळ

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या नवऱ्याने फक्त एवढंच म्हटलं, "हे पाणी इथे अडवता येईल का रे?" आणि तो चहा प्यायला निघून गेला. म्हणजे चार पावलांवर. छोटूसाठी मी पाय पाण्यात सोडून काठावर बसलेच होते.

मधल्याने सरळ रेषेत दगड मांडले. पाणी फटींतून गेलं. त्याने दुसरी ओळ लावली, पाणी त्यातूनही गेलं. भाचीने दोन बोटांनी चिखल भरायला सुरुवात केली. तो धुऊन गेला, तसा तिने चिखलात वाळकी पानं कालवली, मग ते लिंपण जरा धरू लागलं. छोटूचं काम दगड आणायचं. तो आणायचा एकेक, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आणि भिंतीपाशी न ठेवता भिंतीपासून दोन हातांवर पाण्यात टाकायचा. डुबुक. मग पुढचा. मधला ओरडला, "इकडे आण ना!" छोटूने त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा दगड तिथेच टाकला. डुबुक.

मला इथे मधे पडावंसं वाटलं होतं. नाही पडले ते बरं झालं. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये शाळेआधीच्या वयातल्या मुलांच्या खेळाचं वर्गीकरण केलं. त्यात एक प्रकार आहे शेजारी-शेजारी खेळण्याचा: मूल दुसऱ्याच्या जवळ बसून तशाच वस्तूंशी खेळतं, पण त्याच्याबरोबर खेळत नाही. तीन-साडेतीनच्या मुलात हे अगदी नेहमीचं. आपण मोठी माणसं त्यालाच "सगळ्यांमध्ये मिसळ ना रे" म्हणून ढकलत राहतो. छोटू मिसळलेलाच होता, त्याच्या पद्धतीने. त्याला आम्ही नंतर वरच्या अंगाला एक खळगा नेमून दिला, "हा तुझा डोह." तिथे तो तासभर डुबुक करत राहिला आणि भिंतही वाचली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझ्या जड पिशवीतली प्रत्येक वस्तू एकाच कामाची होती. रंगखडूने रंगवायचं, मणी ओवायचे, संपलं. दगड, पानं, चिखल, काटक्या यांना वय नसतं. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकाराने १९७१ मध्ये हेच मांडलं होतं: जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पना चालते. मला हे वाचून माहीत होतं, तरी पिशवी भरलीच. ज्ञान आणि सामान बांधणं यांचा फारसा संबंध नसतो.

साडेअकराच्या सुमाराला थोरली आली. दोन तास वरच्या खडकावर एकटी वाचत होती. थोडा वेळ उभी राहून बघत होती, मग म्हणाली, "पाणी खालून जातंय. वरून लिंपून काय उपयोग?" मधला म्हणाला, "कळतं मला." त्याला कळलं नव्हतं. तिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तळातली वाळू हाताने उकरली, पहिल्या ओळीचे दगड चार बोटं खाली गाडले. मग चिकणमाती कुठे मिळेल याचा शोध सुरू झाला. ती काठाच्या तुटलेल्या भागात सापडली. बोटांमध्ये दाबली की सुतासारखी वळते ती चिकणमाती, भुगा होतो ती वाळू, हे भाचीने वळून वळून तपासलं. दुपारी दोनपर्यंत पाणी भाचीच्या घोट्यापर्यंत चढलं होतं. तोपर्यंत कुणी जेवायला मागितलं नाही.

जेवणाआधीचा तास

कॅम्पिंगमधला सगळ्यांत वाईट वेळ कुठला असं मला विचाराल तर जेवणाआधीचा तास. मुलं दमलेली, भुकेली, उजेड जातोय, मोठी माणसं चुलीशी. दर दोन मिनिटांनी "अजून किती वेळ?"

मधल्याला माझ्या नवऱ्याने एक युक्ती दिली. हात सरळ लांब करून तळवा आडवा धरायचा, चार बोटं क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बसवायची. एक बोट म्हणजे साधारण पाव तास, चार बोटं म्हणजे तास. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, बोटांच्या कडेपुरतं बघायचं, हे तीनदा सांगितलं. हे माप अगदी अचूक नसतं, विषुववृत्तापासून लांब गेलं की जास्तच चुकतं. पण "अजून किती वेळ" याचं उत्तर आता मधल्याकडे होतं. "दोन बोटं राहिली!" असं तो ओरडायचा आणि भाची ते चुलीपाशी आणून सांगायची. छोटूही हात लांब करून तीन बोटं दाखवायचा, सूर्य मागे असला तरी.

अंधाराचं आम्ही वाटप केलं. छोटू जेवल्यावर लगेच, भाची त्यानंतर तासाभराने, मधला आणि थोरली सगळ्यांत शेवटी. भाचीने थोडी कुरकुर केली. पण उशिरापर्यंत जागायला मिळणं हा थोरलीला पहिल्यांदाच मोठं असण्याचा फायदा वाटला. एरवी मोठं असणं म्हणजे नुसती जबाबदारी. टॉर्चवर लाल कापड गुंडाळलं. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती मेहनत वाया जाते. मंद लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. अर्ध्या तासाने मधला म्हणाला, "आधी एवढे तारे नव्हते." सप्तर्षीतल्या चौकटीच्या टोकाचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, यांच्यातलं अंतर पाच पट पुढे नेलं की ध्रुव. वसिष्ठाजवळची अंधुक अरुंधती थोरलीला दिसली. मला चष्म्यातूनही दिसली नाही, ते मी कबूल केलं नाही.

पाऊस

तिसऱ्या दिवशी अकराला ढग आले. तंबूत पत्ते खेळू, असा विचार होता. पण लांब कुठेतरी वीज चमकली, आणि विजेपासून तंबू काहीही संरक्षण देत नाही. पत्र्याचं छत असलेली, काचा बंद केलेली गाडी देते. दोन गाड्या, आठ माणसं, साडेतीन तास.

गाड्यांत कुटुंबाप्रमाणे बसायचं नाही एवढं ठरलं. माझ्या गाडीत भाची आणि मधला. वीज चमकली की भाची मोजायची: एक हजार एक, एक हजार दोन... गडगडाट झाला की थांबायची. मधला तिनाने भागायचा, कारण आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. अठरा, म्हणजे सहा किलोमीटर. बारा, म्हणजे चार. नऊला भाचीचा आवाज बारीक झाला. सातला ती मोजायची थांबली आणि माझा हात धरला. मग पुढच्या खेपेला पुन्हा मोजायला लागली: अकरा. "लांब चाललीय," मधला म्हणाला. तिने हात सोडला नाही, पण मोजणं सोडलं नाही. मोजताना अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की आसऱ्याला जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, या नियमाचा पहारेकरी मधला झाला. पाऊस थांबल्यावर काका दार उघडायला लागले तर तो पलीकडच्या गाडीला काचेतून घड्याळ दाखवत होता.

दुसऱ्या गाडीत छोटू आणि थोरली होते. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीने विचारलं होतं, "बसशील का याच्याजवळ? नाही म्हटलंस तरी चालेल." ती बसली, आणि एका दगडाची गोष्ट चाळीस मिनिटं लांबवली. चाळीस मिनिटांनी म्हणाली, "मावशी, घे गं याला, माझा स्टॉक संपला." बहिणीने घेतलं. लादलेली अडीच तासांची नोकरी आणि स्वतःहून केलेली चाळीस मिनिटं, यांत छोटूच्या वाट्याला जास्त काय आलं हे सांगायची गरज नाही.

जे जमलं नाही

चाकू. मधल्याला काटकी तासायला छोटा चाकू दिला. नियम नेहमीचे: बसूनच वापरायचा, हात पसरून फिरवला तर जेवढा गोल होतो त्या गोलात कुणी नको, धार अंगापासून लांब. भाचीला सोलाणं दिलं, पडलेल्या ओल्या काटकीची साल तिने झकास काढली. छोटूला काहीच देता आलं नाही. दगड देऊन बघितला, चमचा देऊन बघितला. तो अर्धा तास रडला आणि रडता रडता झोपला. एकच काम, वेगळी दारं, हे सगळं चाकूपाशी संपतं. हे काम लहानगं झोपलेलं असतानाच काढायचं होतं, इतकं साधं होतं ते.

पिशवीतली दुर्बीण तेवढी कामाला आली, तीही दोनदा. मणी घरी तसेच परत गेले.

शेवटच्या सकाळी बांध मोडायचा होता. ओहोळ होता तसा करून जायचं, हे निघायच्या आधीच ठरलेलं. अडलेल्या पाण्याखालीही कुणाची तरी घरं असतात. मधल्याने एक दगड काढला आणि पाणी जे सुटलं, ते दोन दिवसांत झालं नाही एवढं ओरडणं त्या एका मिनिटात झालं. तक्त्यात "मोडणे" असा चौकोन कुठेच नव्हता.

पुढची खेप पुढल्या वर्षी. छोटू तेव्हा साडेचारचा, कदाचित हातातून डोळ्यापर्यंत येईल. पाण्यापाशी मात्र हातच. मधला मित्राला आणायचं म्हणतोय, म्हणजे भाची एकटी पडणार, त्याचं काहीतरी बघावं लागेल. थोरलीला विचारलं तर म्हणाली, "वेगळा तंबू असेल तर बघू." छोटा, एका माणसाचा, कुठे मिळतो ते शोधते आहे.